साहेबांपेक्षा एक कमी

आमचं हिंदी मुलखातलं शहर नव्या राज्याची राजधानी झालं तेव्हा शंकर नगरात भाड्याच्या बंगल्यांतून सरकारी कचेऱ्या भरत. स्वयंपाकघरात फायलींची कपाटं, न्हाणीघरात जुन्या खुर्च्या. माझा नवरा अशाच एका कचेरीत कंत्राटावर होता, दर मार्चला मुदतवाढीची वाट बघणारा. तिथे एकदा दिल्लीहून तज्ज्ञ आले. नव्या कल्पनांत देश मागे पडलाय म्हणे, म्हणून कोणाच्या डोक्यात किती कल्पकता आहे ते मोजायचं ठरलं. साहेबांपासून सगळ्यांना एकच प्रश्न: विटेचे उपयोग लिहा, मोकळ्या मनाने.

तिथली रीत अशी, की शिपाई चहाबरोबर बातमीही वाटायचा. साहेबांचे पाच झालेत, हे त्याने टेबलाटेबलावर सांगितलं. सगळ्यांनी चार लिहून पेन खाली ठेवलं. आमचा शहाणा मात्र वेळ संपेपर्यंत लिहीत बसला.

निकालाच्या दिवशी तो गोल बाजारातून जिलबी घेऊन आला. "मी पयला आलो!"

मी पुडा न सोडताच विचारलं, "अन् सायबाचे किती होते?"

"पाच."

"मंग तुमी काहून एवढं लिहून राहिले होते?"

"त्यायनंच म्हटलं ना, मोकळ्या मनानं लिहा!"

मार्चमध्ये सगळ्यांची मुदत वाढली, त्याची नाही. "जम नहीं रहा था," एवढंच साहेब म्हणाले. कचेरीला मात्र कल्पकतेची ढाल मिळाली. सरासरी त्याच्याच गुणांनी वर गेली होती. मी साहेबाला, तज्ज्ञांना, सगळ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. पुढे तो पंडरीच्या कापडबाजारात एका गोदामात लागला. सुट्टीच्या दिवशी घरातलं काही ना काही उघडून सुधारत बसणारा माणूस, पण कूलर बिघडला तरी मेकॅनिकला बोलवा म्हणायला लागला.

परवा आमच्या पोरीला शाळेत पाणी वाचवायचे उपाय लिहायला सांगितले, स्वतःच्या मनाने. ती मराठी समजते, बोलते हिंदीत. पान भरून ती बापाकडे धावली.

त्याने विचारलं, "तुह्या सरनं वर्गात किती सांगतले?"

"चार. लेकिन बाबा, मेरे तो बारह हैं!"

"मंग तीनच ठेव."

"एकबी खोडू नको!" मी ओरडले. त्याने वर पाहिलं नाही. पोरीने मात्र आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि खोडरबर उचलला. उलट्या छत्रीत पाणी धरायचा तिचा स्वतःचा उपाय तिने सगळ्यांत आधी खोडला.