विलासच्या पाठीवरची पट्टी

विलास गेल्याचं कळलं तेव्हा मी निगडीच्या बसस्टँडवर चाकणची बस शोधत होतो. त्याला भेटायलाच निघालो होतो. फोन सुनीतावहिनींचा, त्याच्या बायकोचा. "भाऊ, सावकाश या आता," एवढंच त्या म्हणाल्या. आदल्या दिवसापर्यंत याच वहिनी लवकर या म्हणून मागं लागायच्या... मी तिथल्या बाकड्यावर बसलो आणि दोन बस तशाच जाऊ दिल्या.

विलास आणि मी एकाच कंपनीत, पत्रे दाबायच्या प्रेसशॉपला लागलो. मी चाकणजवळच्या निघोज्यातलाच, तो लातूरकडच्या औशाचा. मी पुढं निगडीला राहायला गेलो, पण गावातल्या आमच्या घरामागच्या खोल्यांत तो, वहिनी आणि त्याचे थोरले बंधू दत्ताभाऊ भाड्यानं राहायचे. भाऊही प्रेसवरच. प्रेसशॉपच्या माणसाची पाठ कायम धरलेली. शिफ्ट सुटली की औषधाच्या दुकानातून चिकटपट्टी आणायची, घरातल्या कुणाकडून तरी पाठीवर लावून घ्यायची आणि ती आपोआप गळेपर्यंत विसरून जायची. नळावर आंघोळीला आलेल्या, पट्ट्या चिकटवलेल्या उघड्या पाठी बघून विलास म्हणायचा, "आली बघा पार्सलं."

मग त्याच्याच मणक्यात कॅन्सर उतरला. डॉक्टर मॅडमनी दुखणं मारणारी, कातडीवर चिकटवायची फेंटॅनिलची पट्टी लिहून दिली तेव्हा तो चिडला. "नशेची हाय म्हणं ती. मला नको, राव." मॅडमनी न रागावता समजावलं. योग्य माणसाला, मोजून दिली तर ही पट्टी त्याला माणसासारखं जगू देते. पण ही दुकानातली पाठदुखीची पट्टी नव्हे. हिच्यावर शेक द्यायचा नाही. काढलेल्या पट्टीतही औषध उरतं, ती दुमडून आतल्या आत चिकटवायची आणि दुसऱ्या कुणाच्या अंगाला लागू द्यायची नाही. ज्याला या औषधाची सवय नाही त्याचा श्वास बंद पडू शकतो. पट्टी लावली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विलासनं भाकरी मागून खाल्ली. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

आडवं होणं मात्र त्याला जमेना आणि भिंत टोचायची. मग दत्ताभाऊ सदरा काढून त्याच्या पाठीला पाठ लावून तासन्‌तास बसायचे. उन्हाळ्याचे दिवस, दोघांच्या पाठी घामानं निथळत असायच्या. तसा टेकलेला असतानाच विलास गेला. भाऊंना कळलंच नाही. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा ते म्हणाले, "हळू, आत्ता डोळा लागलाय त्याचा."

दुसऱ्या दिवसापासून दत्ताभाऊ पेंगायला लागले. बसल्या जागी मान खाली. मध्येच किंचित मागं रेलायचे आणि हसायचे. मी हलवलं तर डोळे न उघडता म्हणाले, "जड झालाय आज." कोण, ते विचारायचा मला धीर झाला नाही. औशाहून आलेली त्यांची चुलती उंबऱ्याशी बसून होती. "धाकटा वडायलाय त्याला," ती म्हणाली. त्यानंतर घरात कुणी मोठ्यानं बोलेना.

सावडायच्या सकाळी भाऊंचं अंग गार लागलं म्हणून चुलतीनं त्यांच्या पाठीशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. मी पोचलो तेव्हा ते कुशीवर पडले होते. एक श्वास यायचा, आणि पुढचा येईपर्यंत मीच माझा धरून ठेवायचो. पापणी वर केली तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी.

पिशवी बाजूला करताना बनियन वर सरकलं. पाठीवर पट्टी होती. ती घरातल्या सगळ्यांनी पाहिली असणार. प्रेसवाल्याच्या पाठीवर पट्टी, त्यात बघायचं काय? पण हिच्यावर मार्करनं 'शुक्रवार' लिहिलं होतं, वहिनींच्या अक्षरात. विलासला पट्टी लावताना त्या वार लिहायच्या. वहिनी भिंतीपर्यंत मागं सरकल्या. "शेवटची आंघोळ घालताना यांच्या पाठीवर नव्हती," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, पडली कुठंतरी."

मी हात घातला तर चुलतीनं माझं मनगट धरलं. "मयताचं हाय ते. सोडवू नगं, तुझ्यामागं लागंल." तिचा हात म्हातारीचा वाटेना इतका घट्ट होता, आणि खरं सांगतो, क्षणभर मी थांबलोसुद्धा. मग पट्टी ओढून काढली, दुमडली, ॲम्ब्युलन्सला फोन केला. दवाखान्यात उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. औषध कातडीत मुरलेलं राहतं म्हणून भाऊंना लगेच घरी सोडलं नाही. पण वाचले. उरलेल्या पट्ट्या वहिनींनी मॅडमकडे परत नेऊन दिल्या.

परवा भाऊंकडे गेलो होतो. आता ते कामावर जातात. भिंतीपासून हातभर पुढं सरकून बसले होते. टेका की, म्हटलं, तर नको म्हणाले. मग वहिनी आत गेल्याचं बघून त्यांनी हळूच विचारलं, "एखादी पट्टी उरली न्हाई ना?"

"कशाला, भाऊ?"

"तू काढलीस अन् त्यो उठून गेला. तवर बसला होता माझ्यामागं. पाठीला ऊब लागायली होती त्याची."

"ती गरम पाण्याच्या पिशवीची ऊब, भाऊ."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, एखाद्या अडाण्याकडे बघावं तसं.

"पिशवी श्वास घेती का रे?"