कुंदाचा टेप आणि पाच चिंचा

कुंदा टेलर आज सकाळी गेली. माझे दोन ब्लाउज अर्धवट ठेवून गेली, हे मी तिला माफ करणार नाही.

रडके फोन करू नका. तिला रडकी गिऱ्हाइकं आवडायची नाहीत.

आमच्या गावात, गिरडच्या रस्त्यावर, बसथांब्याला पाच चिंचा आहेत.

आहेत. होत्या नाही. कुंदामुळे.

सहा वर्षांपूर्वी एका ठेकेदाराला त्या पाडायच्या होत्या. चिंच तोडायला सरकारी परवानगी लागते. याच्याकडे परवानगी होती पाच वाळक्या बाभळींची!

मी रिटायर्ड हेडक्लार्क. तीन पानी अर्ज लिहून वनखात्याच्या साहेबांना दिला. हँडरायटिंगवरून माणूस कळतो, असं आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणायच्या. साहेबांना कळला नाही.

"मॅडम, झाडांचा घेर कुठे लिहिलाय? अर्ज अपूर्ण आहे."

जन्मभर मी लोकांचे अर्ज अपूर्ण म्हणून परत केले. माझा परत करतात म्हणजे काय?

धुमसत परत आले. कुंदाचं दुकान वाटेतच.

"काऊन वो ताई, तोंड फुगलं? घेरच पायजे ना? मी जनमभर दुसरं काय करून राह्यली?"

गळ्यात टेप होताच. साठ इंची टेप दोनदा लावावा लागला. ब्लाउजच्या वहीत, सरपंचीणबाईंच्या मापाखाली तिनं लिहिलं: "चिंच पहिली. घेर एकशे चौदा." आणि खाली चार ओळी कोऱ्या सोडल्या.

"या कशाला?"

"वाढतं अंग हाये ताई. जागा ठेवा लागते."

पाचही मापं जोडून मी अर्ज पुन्हा दिला. कटर मशीन आली त्या दिवशी साहेबही आले. ठेकेदार कागद नाचवत होता. "बाभळीच आहेत साहेब. घेर तीस इंच."

कुंदानं सगळ्यांसमोर टेप लावला. "तीस इंच तं माही कंबर नाई, साहेब!"

मग एक हिरवी चिंच तोडून ठेकेदाराच्या हातावर ठेवली. "घ्या भाऊ, बाभळीची चिंच. मीठ लावून खाजा."

साहेबसुद्धा हसले. पण पंचनाम्यावर सही कोण करणार? ठेकेदार सरपंचांचा साळा. गावातल्या समस्त मिशांना एकदम घरची कामं आठवली.

कुंदानं सही केली. सरपंचांच्या घरच्या लग्नाची शिलाई हातची जाणार, हे ठाऊक असून.

गेलीच. पण तिची शिलाई मशीन थांबली नाही, चिंचाही नाही पडल्या.

तीन महिन्यांनी सरपंचीणबाई परत आल्या. दुसऱ्या टेलरनं बाही बिघडवली होती. कुंदानं शांतपणे वही उघडली.

"माप हाये ना तुमचं. चिंचेच्या वर."

आज तिच्या लेकीनं टेप आणि वही मला दिली. "मावशी, तुमीच ठेवा."

परत येताना थांब्यावर थांबले. लोक बघत होते. बघू देत.

पहिली चिंच: एकशे एकोणीस.

पाच इंच, कुंदा! तू सोडलेल्या कोऱ्या ओळीवर लिहून ठेवलंय. अजून तीन ओळी शिल्लक आहेत. माप मी घेत राहीन.

जय भीम, मैत्रिणी. नीट जा.