डाव्या हाताची चार बोटं

आधीच सांगते, मी विज्ञानाची मास्तरीण. वर्गात कोणी भुताखेताचं नाव काढलं की त्याला बाकावर उभं करायची. उतारा, नजर, लिंबू-मिरची... या सगळ्याशी माझं वाकडं होतं आणि आजही आहे. तेव्हा खालचं वाचून कोणी 'ताई, अमक्या महाराजांकडे जाऊन या' असा सल्ला देऊ नये, मी फाडकन उत्तर देईन. ही गोष्ट मी इतकी वर्षं घराबाहेर काढली नव्हती. पण परवा या ग्रुपवर एकाने लिहिलं, 'असले अनुभव मनाने कमकुवत असणाऱ्यांनाच येतात' — आणि माझं डोकं फिरलं. म्हणून लिहितेय.

गाव पिंपळगाव राजा, तालुका खामगाव, जिल्हा बुलडाणा. रेल्वे धरायची तर नांदुऱ्याला जायचं. काळ ऐंशी सालानंतरचा. घरात आई, बाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ दिलीप. बाबांचं किराणा दुकान, मी गावच्याच शाळेत. आणि दिलीप मुंबईला. म्हणायला कॉलेजात, खरं तर गिटार वाजवायला.

तेही साधं गिटार नाही, विजेवरचं. हेवी मेटल म्हणतात तो प्रकार. चार पोरांचा बँड, काळे कपडे, खांद्याखाली केस. एका दिवाळीत तो त्यांची कॅसेट घेऊन आला. बाबांनी दोन मिनिटं ऐकून विचारलं, "हे गाणं हाये का पत्र्यावर गोटे पडून राह्यले बे?" दिलीप पोट धरून हसला. पण त्या गदारोळातून मध्येच त्याचं गिटार एकटंच वर निघायचं ना... मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी अंगावर काटा यायचा. पोरगा फार गुणी होता हो. कॉलेजांच्या कार्यक्रमांत लोक त्याच्या नावानं ओरडायचे. त्यांची रेकॉर्ड निघायचं ठरलं होतं.

मग त्याचं घरी येणं कमी झालं, आणि पुढच्या दिवाळीला तो आलाच नाही.

माझ्या बोटांचं सुरू झालं ते त्याच हिवाळ्यात. भाकर थापताना डाव्या हाताची बोटं चुरचुरली. पाहते तर अंगठा सोडून चारही बोटांच्या शेंड्यांवर बारीक लाल रेघा, तार दाबून धरल्यासारख्या. आधी वाटलं घासणीचं लागलं असेल. पण मी घासते उजव्या हाताने, खडू धरते उजव्या हाताने. हळूहळू तिथे घट्टे पडले, चांगले टणक. खामगावच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि सहज विचारलं, "बाई, काही तंतुवाद्य शिकता का?" मी म्हटलं, "डॉक्टर, मला पेटीचा भातासुद्धा हलवता येत नाही." त्याच दिवसांत मला पाहायला पाहुणे आले. हळदीकुंकवाच्या वेळी मुलाच्या आईने माझा हात हातात घेतला आणि आईला विचारलं, "तुमची पोरगी बिड्या वळते काय वं?" ते स्थळ तिथंच मोडलं. चांगलं झालं म्हणा, बाई फार चौकस होती.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका दुपारी दिलीप एसटीतून उतरला. आईने त्याला ओळखलं नाही. खरंच नाही ओळखलं, "कोण पायजे?" म्हणून विचारलं. गालफडं बसलेली, ओठ काळे, अंगात गरमीतही स्वेटर. मी त्याला मागच्या अंगणात नेऊन विचारलं तेव्हा त्याने काही लपवलं नाही.

"गर्द, ताई. ब्राउन शुगर म्हणतात ते. गर्द ओढतो मी."

"आणि गिटार?"

"इकलं. दिवाळीच्या आधीच इकलं." मग नाक पुसत म्हणाला, "रेकॉर्डिंगच्या दिवशी मी संडासात पडून होतो. पोट्ट्यांनी दुपारपर्यंत वाट पाह्यली. मंग दुसरा आणला. त्यायचं काय चुकलं?"

मी त्याच्या थोबाडीत मारली आणि मग दोघंही रडलो.

पुढचे दिवस आठवले की आजही जीव घाबरा होतो. त्याला एका जागी बसवत नव्हतं. पाय झाडायचा, उठायचा, ओसरीभर फिरायचा, परत पडायचा. "ताई, हाडायतून मुंग्या चालून राह्यल्या वं..." आई त्याचे पाय दाबत बसायची. आणि या सगळ्या तगमगीत एकच गोष्ट शांत होती — त्याचा डावा हात. तो बाजेच्या लाकडी काठावर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि चार बोटं त्या काठावर धावायची. दाबायची, घसरायची, थरथरायची. तेवढ्यापुरते त्याचे पाय थांबायचे.

आणि मी स्वयंपाकघरात हातातली वाटी खाली टाकायची. कारण माझी बोटं पेटायची.

मी मास्तरीण, मी प्रयोग केला. आईला त्याच्याजवळ बसवलं. म्हटलं, त्याची बोटं हलली की ताटलीवर चमचा वाजव, थांबली की तूही थांब. मी मागच्या खोलीत दार लावून, पाठ करून बसले. बोटं चुरचुरली की मी भिंतीवर खडूने रेघ ओढणार होते. खडू टेकला आणि पलीकडे चमचा वाजला. परत टेकला, परत वाजला. एकदाही चूक नाही. त्याच्या बोटांना मात्र ओरखडासुद्धा नव्हता, लोण्यासारखी मऊ झाली होती. आईने दाराशी येऊन माझा हात पाहिला आणि नुसतं म्हणाली, "त्याले सांगू नोको. थांबन तो." थांबला तर ती तगमग परत येईल, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

पण तो राहिला नाही. एका सकाळी दुकान उघडायच्या आधी निघून गेला. नांदुऱ्याच्या स्टेशनवर कोणीतरी त्याला मुंबईच्या गाडीत चढताना पाहिलं.

त्यानंतर माझी बोटं मऊ पडत गेली. ज्या घट्ट्यांनी माझं लग्न मोडलं ते गेले म्हणून मला आनंद व्हायला हवा होता ना? मी वर्गात शिकवता शिकवता अंगठ्याने बोटं चाचपायची. काही नाही. चुरचुर नाही, रेघ नाही. पावसाळा गेला, कापूस वेचायला आला, तरी काही नाही.

आणि दिलीपला शोधायला गेलेला मामा मुंबईहून बातमी घेऊन आला. एका सरकारी दवाखान्यात बेवारशी पोरगा गेला होता. दहन आधीच उरकलेलं, मामाला फक्त फोटो दाखवला. चेहरा सुजलेला, केस लांब, उंची तेवढीच. मामा म्हणाला, "मले नाई पाहवलं जास्त. दिलीपच होता." बाबा रात्रंदिवस भिंतीकडे तोंड करून बसले. मग भाऊबंद जमले आणि दहाव्याचं ठरलं.

त्या सकाळी न्हावी अंगणात आला. बाबा पाटावर बसले, डोक्याला पाणी लावलं. मी चुलीजवळ होते. आणि माझ्या डाव्या हाताच्या चारही बोटांत एकदम विस्तव पडल्यासारखं झालं.

मी तशीच पिठाच्या हाताने अंगणात धावले. "थांबा! दिलीप जिता हाये."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मामा म्हणाला, "पोरीच्या मनावर परिणाम झाला." काका म्हणाले, "हिले आत न्या." मी बाबांसमोर जमिनीवर बसले आणि हात पुढे केला. लाल रेघा उमटत होत्या. डोळ्यांदेखत उमटत होत्या. बाबांनी बोटं हातात घेतली. प्रयोग केला तेव्हा ते मला वेड्यात काढून दुकानात निघून गेले होते. आता त्यांनी एकेक बोट दाबून पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आईने मान हलवली.

बाबा पाटावरून उठले. टॉवेलने डोकं पुसलं आणि न्हाव्याला म्हणाले, "जाय बाबू. आज नाई."

केवढा गहजब झाला! भाऊबंद जेवायलासुद्धा थांबले नाहीत. मामा कित्येक दिवस बोलत नव्हता. आईने त्या फोटोतल्या पोराच्या नावाने — नाव कुठे माहीत होतं — घास काढून ठेवला. म्हणाली, "तो बी कोणाचा तरी असन."

त्या दिवसापासून आईचा नेम सुरू झाला. सकाळी मी उठले की, "आधी हात दाखव, मंग चहा." ती डोळे मिटून माझी चार बोटं चाचपायची. कडक लागली की म्हणायची, "हाव, हाये," आणि चुलीकडे वळायची. माझ्या बोटांवर त्या बाईने दिवस काढले. मी दुखतंय म्हणून एकदाही कुरकुर केली नाही, आणि मी काही सोशीक बाई नाही.

एक वर्ष उलटून गेलं आणि दिलीप आला. केस कापलेले, अंगावर थोडं मांस. कोणा भल्या माणसाने त्याला व्यसन सोडवायच्या ठिकाणी नेऊन टाकलं होतं. आईने त्याला नुसतं छातीशी धरलं, मामाला मात्र भरपूर सुनावलं.

मी त्याला विचारलं, "तिथी गिटार होतं?"

"कुठचं वं! लोखंडी खाट होती. जीव लय वरखाली झाला की तिच्या दांडीवर वाजवायचो. आपलं मनातल्या मनात. पहिल्या दिवशी शुद्धीवर आलो आणि आधी तेच केलं."

तेव्हा मी त्याला माझी बोटं दाखवली आणि सगळं सांगितलं. त्याने माझं एकेक बोट दाबून पाहिलं. मग म्हणाला, "ताई, मले कधीच लागलं नाई. मी म्हणायचो, काऊन लागत नाई?"

नांदुऱ्याला त्याने विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने बांधायचं काम धरलं. गिटारला हात लावायचा नाही अशी शपथच घेतली. "ते हाती आलं का गर्दबी आठवते," म्हणायचा. बँडची रेकॉर्ड निघाली, त्यावर दुसऱ्याचं नाव. त्याने ती कधी ऐकली नाही. पण माझी बोटं काही मऊ पडेनात. म्हणजे हा शहाणा मोटारीच्या तारा गुंडाळता गुंडाळता, एसटीच्या दांडीवर, जेवणाच्या ताटाच्या काठावर वाजवतच होता! माझं लग्न झालं, पोरं झाली, आई गेली, तरी चालूच.

एका सणाला तो माझ्याकडे जेवायला आला होता. पाटाच्या काठावर त्याची बोटं चालली आणि माझ्या हातातून वरणाची पळी सुटली. माझा संताप अनावर झाला.

"माह्या बोटायनं काऊन वाजवून राह्यला बे? शपथ तुही आणि भोगायचं मी? तुले भेव वाटते ना, मंग माह्यासमोर वाजव. मी हाये दारात."

दुसऱ्याच दिवशी मी अकोल्याला जाऊन गिटार आणलं, साधं लाकडाचं. तो हात लावेना. मी दारात खुर्ची टाकून बसले. शेवटी त्याने ते मांडीवर घेतलं आणि तार दाबली.

थोड्या वेळाने थांबला. डावा हात उलटा करून पाहायला लागला आणि लहान पोरासारखा म्हणाला, "ताई... लागलं."

माझ्या बोटांना काहीच झालं नव्हतं.

नात्यातल्या एका त्वचेच्या डॉक्टरांनी 'मनाचा परिणाम' असं सांगितलं. असेल. पण न्हाव्याने बाबांच्या डोक्याला पाणी लावलं त्या सकाळी मुंबईत कोण शुद्धीवर आलं, हे माझ्या मनाला कसं कळलं?

दिलीप आता आमच्या शेजारीच राहतो. गर्दाकडे परत वळला नाही, आणि मोठा कलावंतही झाला नाही. रोज सकाळी वाजवतो, त्याचे घट्टे त्याच्याच बोटांवर आहेत. माझी सवय मात्र जात नाही. जाग आली की चहाच्या आधी मी डावा हात चाचपते. बोटं मऊ लागतात आणि छातीत धस्स होतं. मग मी तशीच बसून राहते, पलीकडून वाजायला लागेपर्यंत.