ऐकायची तार

अण्णा रेडिओ लावला की डोळे मिटून घेत. खरखरीतून दूरदेशीच्या मोर्स संकेतांचं बारीकसं टिट-टिट उमटलं की त्यांचं बोट वर जाई. "आलं बघ!" आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स शिकवून ते निवृत्त झाले होते. सोनईत त्यांना तारवाले अण्णाच म्हणत. घरबसल्या जगभर संदेश पाठवायच्या हौशी रेडिओचं, म्हणजे हॅमचं, लायसन असलेले गावात आम्ही दोघंच. मला हा नाद त्यांनीच लावला.

"बोलायला कुनालाबी येतं. ऐकायची तार येगळी लागती," हे त्यांचं पालुपद. लांबची स्टेशनं ज्या पट्ट्यावर पहाटे लागतात, तिथे मोटारीच्या स्टार्टरपासून एलईडी दिव्यापर्यंत सगळ्यांचा गोंगाट घुसतो. म्हणून अण्णांनी आपल्या काळ्या रानाच्या बांधावर, बांबूंच्या आधाराने, मावळतीच्या अंगाला, नुसती ऐकायची अँटेना म्हणून लांबलचक तार ताणली होती.

मलाही तशीच हवी होती. अण्णा माझ्या रानात आले, टाचेने मुरूम उकरला आणि मान हलवली. "हितं तार मुकी ऱ्हाईल. तुला गोल अँटेनाच बरी." प्लास्टिकच्या पाइपवर तार गुंडाळून त्यांनी ती स्वतः करूनही दिली. मी हरखून गेलो होतो.

घरी मात्र नुसती खरखर. दर रविवारी पहाटे मी त्यांच्याकडे जाई, तिथे सगळं लख्ख ऐकू येई. "मी दाखवतो म्हनून येतं. तुजा कान अजून कच्चा हाय," ते म्हणत. वर्षानुवर्षं मी ते खरं मानलं. एकदा नगरला जाऊन कानही तपासून आलो. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहेत. अण्णा हसले. "त्येला मोर्स कळतं का?"

गुडघे गेले तसे अण्णा लेकीकडे नगरला राहायला गेले. रान वाट्याने दिलं. "तार भंगारात घाल," म्हणाले. मला ते जमेना. त्यांची आठवण म्हणून मी ती माझ्या मुरमावर ताणली. दुसऱ्या पहाटे रेडिओ लावला आणि एकामागून एक स्टेशनं लागत गेली, अण्णांच्या घरी कधी ऐकली नव्हती इतकी स्वच्छ. आनंद व्हायला हवा होता. पण इथे तर ही तार मुकी राहणार होती ना?

त्याच दिवशी नगर गाठलं आणि अण्णांना विचारलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत की नजर चुकवली नाही.

"कोरड्या मुरमावरच ती तार लई चालती. मला ठावं हुतं."

"आणि माझा कान?"

"पैल्यापास्नं चांगला हाय. पन तुला घरीच ऐकू आलं असतं, तर रविवारी माज्याकडं कोन आलं असतं?"

लेकीने आणलेला चहा तसाच ठेवून मी उठलो. नुसतं 'ये' म्हणाले असते तरी मी गेलो असतो, हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं नाही, याचा राग अजून जात नाही. आता पहाटे लांबचं स्टेशन लागलं की माझं बोट आपोआप वर जातं. मग मी ते खाली घेतो.