दुसऱ्याच कुणाची ताई

९ मार्च, मंगळवार. पाचला उठले. गुडघा बरा. प्रार्थना ६.१० ते ७.१०. व्यत्यय एक : खालच्या मजल्यावरची म्हातारी. दार उघडलं नाही. दुपारी पडद्याची दोरी बदलली.

मिशनच्या शाळेत असताना सिस्टरनी तिला रोजनिशीची सवय लावली होती. सजवायचं नाही, लपवायचं नाही, घडलं तेवढंच लिहायचं. तेव्हापासून साठेक वर्षं तिने एक दिवस चुकवला नव्हता. नवरा गेला त्या दिवशीही दोन ओळी आहेत.

नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली. लेक लांब. रविवारी फोन करायची, "आई, बरी आहेस ना?" विचारायची आणि उत्तर पुरं होण्याआधीच फोन जावयाच्या हातात जायचा. बाकीच्या आठवड्यात दूधवाला आणि जिना झाडणारी बाई सोडली तर तिच्या तोंडून शब्द निघायचं कारण नव्हतं. म्हणून सकाळचा तो एक तास तिला जिवापाड. त्या तासात कुणीतरी आपलं ऐकतंय, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. शेवटी ती रोज एकच म्हणायची, "प्रभू, माझं म्हणून काही ठेवू नकोस. हवं ते घे."

महिन्याभरापासून त्याच तासाला खालची म्हातारी दार वाजवू लागली होती. तिला भान राहिलं नव्हतं. कधीच वारलेली थोरली बहीण वरच्या मजल्यावर राहते, असं तिने मनाशी धरलं होतं.

त्याच मंगळवारी संध्याकाळी म्हातारीची सून वर आली. बेकरीत कामाला होती, केसांत अजून पीठ.

"काकू, एक मागू? मी सहाला निघते, सांभाळणारी बाई साडेसातला येते. मधला दीड तास आईंना तुमच्याकडे बसू द्याल?"

"तो माझ्या प्रार्थनेचा वेळ आहे."

"माहितेय. तुमच्या घड्याळाला देवसुद्धा घाबरत असेल." सून हसली, मग हसू ओसरलं. "बाहेरून कडी लावली तर दारावर डोकं आपटतात. न लावली तर जिन्यात. एका वृद्धाश्रमात जागा निघालीय. सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. गेल्या तर तिथे कुणालाच ओळखणार नाहीत."

"मी प्रार्थना करीन तुमच्यासाठी," ती म्हणाली. सून मान डोलावून खाली गेली.

बुधवारी सहा वीसला थाप पडली. "ताई, दार उघड ना गं." तिने डोळे आणखी घट्ट मिटले. थापा थांबल्या. तिने प्रार्थना पूर्ण केली, नेहमीचं वाक्य म्हटलं, आणि सात दहाला दूध घ्यायला दार उघडलं.

म्हातारी वरच्या पायरीवर कठड्याला बिलगून बसली होती. अनवाणी. कपडे ओले, पायरीवर ओघळ. जवळजवळ तासभर ती तिथे तशीच होती.

दुधाचं भांडं हातात तसंच धरून ती दारात उभी राहिली. 'हवं ते घे' म्हणून आपण रोज सांगतो. घ्यायला कुणी आलं, तर आपण आतून कडी लावली.

म्हातारीने वर, तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "किती उशीर! आणि केस कुठे पिठात घालून आलीस?" मग तिचा हात धरला. "तू ताईच ना?"

आयुष्यात जिने शाईने खोटं लिहिलं नव्हतं, तिला हा प्रश्न जड गेला.

"हो गं. मीच."

"मला टाकून का गेलीस?"

"चुकलं माझं," ती म्हणाली. तिने म्हातारीला उठवून आत घेतलं, अंग साबण लावून कोमट पाण्याने पुसलं, स्वतःचा गाऊन घातला. त्या रात्री तिने लिहिलं, 'माफी मागितली. चूक माझी नव्हती.' दुसरं वाक्य मग खोडलं.

त्याआधी, संध्याकाळीच, तिने सुनेला सांगितलं होतं, "आश्रमाला नाही म्हणून कळव. सकाळी आईंना माझ्याकडे पाठव."

"आणि काकू, तुमची प्रार्थना?"

"ती होईल कशीबशी."

कशीबशीच होत होती. म्हातारीचे केस विंचरताना दोन वाक्यं, नखं कापताना एक. पूर्वी वाटायचं तसं कुणी ऐकतंय, असं वाटेना. खोली नुसती गप्प. आणि एकदा दिलं म्हणजे दिलं, असंही नव्हतं. सकाळी जाग आली की तो तास पुन्हा तिचाच झालेला असायचा. जिन्यात पावलं वाजली की राग यायचा. कडीवर हात ठेवून ती जरा थांबायची, "घे" म्हणायची, आणि मग उघडायची. रोज.

हळूहळू मात्र 'ताई' ही हाक तिला गोड वाटू लागली. इतक्या हक्काने तिला कुणी हाक मारून वर्षं लोटली होती. म्हातारी भांडायची, "माझी रिबीन तूच घेतलीस, चोरटी!" आणि ही मान खाली घालून हसायची.

ऑगस्टमधल्या एका सकाळी म्हातारी उंबऱ्यापाशीच थबकली. तिच्याकडे निरखून बघू लागली. डोळे कधी नव्हे इतके स्वच्छ.

"तुम्ही कोण?"

'तुम्ही' ऐकल्यावर तिला कळलं. नुसता तास नव्हे, हेही तिने आपलं करून ठेवलं होतं. उसनं नाव, दुसरीच्या वाट्याची माया. आता तेही मागितलं जात होतं. या वेळी तिने कडीवर हात ठेवला नाही. दार उघडंच होतं.

"मी शेजारीण."

"ताई नाही घरात?"

"नाही."

"मग ती येईपर्यंत बसू का इथे? तुम्हाला त्रास नाही ना?"

"बसा की," ती म्हणाली आणि फणी आणायला आत वळली. "केस विंचरून देते तोवर."

म्हातारी अवघडून, परक्या घरात बसावं तशी, खुर्चीच्या टोकावर बसली. विंचरून झाल्यावर "आभारी आहे हं" म्हणाली. साडेसातला सांभाळणारी बाई येऊन तिला घेऊन गेली.

त्या संध्याकाळी तिने रोजनिशीत लिहिलं : व्यत्यय नाही. अंगाचा साबण संपला. दोन वड्या आणायच्या.