चार बोटं उंच गाडी

आमचे हे, म्हणजे वादिराज मास्तर, घराबाहेर पडताना गॅस बंद आहे का ते परत परत बघणारे. आमच्या गावच्या लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि सगळी काळजी घरच्यांवर उधळायला मोकळे झाले. त्यातला मोठा वाटा धाकट्या बहिणीचा, हेमावतीचा.

हेमावती वकील. कलघटगीच्या पलीकडच्या खेड्यांत जाऊन बायकांची पोटगीची, वारसाहक्काची प्रकरणं समजून घ्यायची. अपघातानंतर चाकाची खुर्ची आली, तरी तिची जिद्द कमी झाली नाही. “त्या बायका कोर्टात यायला भितात, अण्णा. मलाच जायला पाहिजे की. पण मला उचलून, ढकलून आणलेलं बघितलं, तर मी त्यांना काय धीर देणार? माझी मी चढणार, माझी मी उतरणार.”

म्हणून जुनी व्हॅन घेतली. तारिहाळच्या वर्कशॉपमध्ये तिला फोर-व्हील ड्राइव्ह बसवलं, मागच्या दाराला खुर्ची चढवायची उतरती फळी जोडली. आता फक्त टायर राहिले होते, आणि तिथेच आमच्या घराची झोप उडाली.

मूळ टायर सत्तावीस इंची. ह्यांच्या मनात एकतीस. “चिखलात रुतली तर? रानात ही एकटी गाडीत बसून राहणार?” जेवताना तेच, आंघोळीला जाता जाता तेच. त्यांचं अर्धं वाक्य ऐकलं तरी पुढचं मला कळायचं, पण भीती खोटी नव्हती. मागे भाड्याची जीप रुतली, तेव्हा ट्रॅक्टर येईपर्यंत हेमावती तशीच बसून होती, आणि त्यानंतर कितीतरी दिवस हे धड जेवले नव्हते.

शेवटी एकतीस इंचीच बसवले. ते मडगार्डला घासू नयेत म्हणून बॉडीही थोडी उचलावी लागली. सगळं मिळून गाडी चांगली चार बोटं वर गेली, आणि फळीचा चढही तेवढाच उभा झाला. वर्कशॉपमध्ये हेमावतीनं फळीवरून चढून बघितलं, झकास चढली. ह्यांचा हात खुर्चीच्या मागे होता. तो कायमच असतो. तिचं लक्ष नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझंही नव्हतं.

खंडेनवमीला गाडीची पूजा. आमच्या घरी त्या दिवशी नैवेद्य होईपर्यंत मडी, म्हणजे कडक सोवळं. मी स्वयंपाकात, हे पूजेत, दोघांनीही कुणाला शिवायचं नाही. घरातली आयुधं, पुस्तकं पुजून हे सोवळ्यातच अंगणात आले. चारही टायरांना कुंकू लावलं, खाली लिंबं ठेवली. पूजा झाल्यावर घरच्या लेकीनं गाडीत पहिल्यांदा बसायचं, ही आमच्या सासूबाईंनी घालून दिलेली रीत.

हेमावती हसतच फळीवर आली. दोन्ही हातांनी चाकं रेटली. अर्ध्यावर खुर्ची थांबली. तिनं पुन्हा जोर लावला, खुर्ची तसूभर पुढे गेली आणि मागे घसरायला लागली. हे पुढे धावले.

“मुट्टबेड, अण्णा! हात लावू नको!”

हे जागच्या जागी थिजले. तिनं ब्रेक ओढला आणि फळीच्या मधोमध बसून राहिली. मी दारात पळी हातात घेऊन उभी.

“त्या दिवशी मी चढले नव्हतेच ना?” तिनं विचारलं. “तू ढकलत होतास.”

“हेमा, मला कळलंसुद्धा नाही गं.” ह्यांनी स्वतःच्या तळव्यांकडे बघितलं. “हात आपोआप जातो.”

ती हळूहळू ब्रेक सोडत स्वतःच खाली उतरली. मला दोघांचाही इतका राग आला आणि दोघांचीही इतकी दया आली, की नैवेद्याच्या पायसात साखर घालायची राहूनच गेली. कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.

दसरा झाल्यावर हे तारिहाळला गेले. बॉडी पूर्ववत खाली, टायर सत्तावीस इंचीच, फक्त चिखलासाठी खोल नक्षीचे. परत आले ते चेहरा पाडूनच. “रुतली तर, हेमा?”

“रुतली तर ट्रॅक्टर बोलवू की. गाडीला कुणीपण ओढू दे.”

पहिल्या फेरीला मीही बरोबर निघाले होते. हेमावती फळीवर आली, चाकं रेटू लागली. अर्ध्यावर क्षणभर थांबली. मी ह्यांच्याकडे बघितलं. अंगात साधा सदरा, सोवळं कुठलं नाही, काही नाही. तरी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवून उभे होते, बोटं पांढरी पडेपर्यंत.

खुर्ची आत गेल्यावरही त्यांना ते हात लवकर सोडवता आले नाहीत.