रिकाम्या रिळाचे वजन

भवानी पेठेतली ती सूतचोरी मी अजून विसरलेलो नाही. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात फौजदार होतो. एका विणकर सोसायटीच्या चिटणिसांनी फिर्याद दिली की गोदामातले सूत हिशेबाच्या तक्त्यातल्या शिलकीपेक्षा बरेच कमी भरते. खबऱ्यानेही सांगितले, गोदामाचा कारकून पोती भरून करकंबला, आपल्या गावी पाठवतो. मी त्याला ताब्यात घेतले.

चौकशीत त्याचे एकच उत्तर होते. "साहेब, पोत्यात लाकडी रिळं हायती. सोसायटीनं टाकून दिली, म्या चुलीला नेली."

हवालदार करकंबला जाऊन आला. पंचनाम्यात रिळांशिवाय काही निघाले नाही. पण सूत कमी होतेच. कारकून कोठडीत आणि त्याची बायको डबा घेऊन ठाण्याच्या पायरीवर.

मी सोसायटीच्या हिशेबनिसाला तक्त्यासह बोलावले. टेबलभर पसरलेला कागद, नुसत्या चौकटी. प्रत्येक आकडा कुठून आला ते त्याने सांगायचे आणि मी लाल पेन्सिलीने बाण काढायचे, असे ठरले. शिल्लक निघे जमा आणि विणकरांना केलेले वाटप यांवरून. सूत रिळांवर दिले जाई, म्हणून वाटप किती ते काढताना भरलेल्या रिळांच्या वजनातून रिकाम्या रिळांचे वजन वजा होई. जमेच्या आणि वजनाच्या पावत्या जुळल्या. वाटपाचे सगळे बाण मात्र कोपऱ्यातल्या एकाच चौकटीशी येऊन थांबले: एका रिकाम्या रिळाचे वजन.

"हा आकडा कुठून आला?"

"तो बदलत नाही, साहेब. मागच्या तक्त्यावरून उतरवतो."

मला ती चुलीतली रिळे आठवली. "लाकडी टाकून दिलीत, मग आता सूत कशावर देता?"

त्याने त्या चौकटीवर बोट ठेवले. "प्लास्टिकच्या रिळांवर," म्हणाला.

गोदामात प्लास्टिकचे रिकामे रीळ काट्यावर ठेवले. लाकडी रिळाच्या निम्मेही भरले नाही. म्हणजे दर वाटपात लिहिल्यापेक्षा जास्त सूत बाहेर जात होते. ते विणकरांच्या मागांवरच होते.

चोरी घडलीच नव्हती, असा अहवाल मी कोर्टात पाठवला. सुटताना कारकून म्हणाला, "चिटणिसास्नी तुमीच सांगा, साहेब. माजं कोन ऐकनार?" मी त्याच्यासोबत सोसायटीत गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितले.

पुढे साक्षीदारांचे जबाब घेताना ते तपासायची माझी रीत बदलली. चौघे एकच गोष्ट सांगू लागले की मी प्रत्येकाला विचारी, तुला कोणी सांगितले? पुष्कळदा चौघांनीही ती एकाच माणसाकडून ऐकलेली असे, आणि त्याने काही पाहिलेले नसे.